गाणं गाडीत, कान रस्त्यावर

बोईसरला माझं कार स्टिरिओचं दुकान आहे. रस्त्याला लागून एक गाळा, पुढे एक गाडी उभी राहील एवढी पत्र्याची शेड आणि मागच्या भिंतीवर डेक, स्पीकर, वायरची बंडलं. तारापूर एमआयडीसीतली पाळी सुटली की शेडपुढे बाइक थांबू लागतात. रविवारी पालघर, सफाळे, चिंचणी, डहाणूकडच्या गाड्या येतात. गिऱ्हाईक सगळ्या तऱ्हेचं. केमिकल कंपनीतला ऑपरेटर, टॅप्स म्हणजे तारापूर अणुवीज केंद्राच्या कॉलनीतले साहेब, सातपाटीहून मासळी घेऊन निघणारा पिकअपवाला, पालघर-बोईसर इको चालवणारा ड्रायव्हर, नव्या गाडीचा हार अजून बॉनेटवर असलेला नवरदेव. पहिलं वाक्य मात्र बहुतेकांचं एकच: "भाऊ, आवाज वाढवून पाहिजे."

या मागणीला मी कधी नाही म्हणत नाही, पण आधी त्यांना बसवतो आणि सांगतो की पैसे खर्च करायचे ते आवाज कमी ठेवता यावा म्हणून. ऐकणाऱ्याला हे उफराटं वाटतं. माझं मात्र या कामात राहून हेच मत पक्कं झालं आहे, आणि ते दरवाजाच्या पत्र्यापासून सुरू होतं.

कंपनीतून गाडी येते तेव्हा दरवाजात जो स्पीकर असतो तो हातात घेतला तर वजनच लागत नाही. कागदाचा कोन, मागे एवढंसं मॅग्नेट. आमच्या खाडीकाठच्या हवेत त्याला दोन-तीन पावसाळ्यांत गंज धरतो. पण खरा दोष स्पीकरपेक्षा त्याच्या घरात असतो. स्पीकर जसा पुढे आवाज फेकतो तसाच मागे दरवाजाच्या पोकळीत फेकतो, आणि तिथला पातळ पत्रा त्याच्याबरोबर थरथरतो. गाण्यातला तबला अर्धा स्पीकरचा आणि अर्धा पत्र्याचा होतो. माणसाला वाटतं आवाज कमी पडतोय, म्हणून तो व्हॉल्यूम चढवतो, पत्रा आणखी थरथरतो.

दरवाजा खोलण्याचं काम मला अजूनही आवडतं. पॅनल ओढताना क्लिपा तुटू द्यायच्या नाहीत. एक जरी तुटली तरी पुढे तिथेच खडखड सुरू होते. पॅनलच्या मागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी दरवाजाच्या आत उतरतं आणि खालच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि ते गाडीच्या आत येऊ नये म्हणून हा कागद. घाईत काम करणारे तो फाडून टाकतात, किंवा डॅम्पिंगची शीट लावताना खालची भोकंच बुजवतात. पालघरच्या पावसात अशा दरवाजात पाणी साठतं आणि तळ आतून सडतो. मी आधी आतला पत्रा पुसून तेलकटपणा काढतो. मग ब्यूटाइल रबराची शीट, जिच्यावर ॲल्युमिनियमचा पातळ थर असतो, ती हीट गनने थोडी गरम करून बसवतो आणि वरची नक्षी सपाट होईपर्यंत रोलर फिरवतो. शीट लावायच्या आधी गिऱ्हाइकाला बोटाच्या पेराने पत्रा वाजवून दाखवतो. टण्ण. लावल्यावर पुन्हा वाजवतो. ठप्प. हे दोन आवाज ऐकवले की वॅट आणि ओहम समजावण्याची गरज उरत नाही.

स्पीकरखाली रिंग लागते. लाकडी एमडीएफची रिंग आमच्याकडे पाणी पिऊन फुगते, म्हणून मी प्लास्टिकची वापरतो. वायर कापत नाही. गाडीच्या कपलरला जुळणारा कपलर मिळतो. उद्या गाडी विकायची झाली तर सगळं काढून जुनं होतं तसं करता येतं, आणि वायर कापली म्हणून वॉरंटीचा वादही उभा राहत नाही. ट्विटर, म्हणजे वरच्या पट्टीचा छोटा स्पीकर, मी आरशाच्या आतल्या कोपऱ्यातल्या त्रिकोणात बसवतो. पुढच्या खांबात भोक पाडून बसवा असा आग्रह धरणारे पुष्कळ भेटतात. हल्ली बऱ्याच गाड्यांत त्या खांबातून कर्टन एअरबॅग जाते. तिच्या वाटेत वायर किंवा ट्विटर आला तर अपघाताच्या क्षणी काय होईल हे मला पाहायचं नाही, म्हणून ते काम मी करत नाही.

एवढं झालं, साधे चांगले कॉम्पोनंट स्पीकर लागले, की गिऱ्हाइकाला गाडीत बसवतो. टॅप्समधून निवृत्त झालेले एक काका आले होते. त्यांना जुनी नाट्यगीतं ऐकायची असतात. आधी शब्द कळायला त्यांना डेक पंचविसावर न्यावा लागायचा. काम झाल्यावर पंधरावर शब्द कळू लागले, पेटीचा श्वास कळू लागला. ते म्हणाले, "अरे, मी आवाज कमी केला की काय?" हाच माझ्या कामाचा मेहनताना. सबवूफर त्यांनी घेतला नाही, मी आग्रहही केला नाही.

वॅटचं सांगतो. खोक्यावर हजार वॅट छापलेलं असतं ते पीक, म्हणजे क्षणभराचा आकडा. बघायचा तो आरएमएस, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा आकडा. आणि वॅट दुप्पट केले तर आवाज तीनच डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट ताकद लागते. खरोखरचे हजार वॅट काढायचे तर गाडीच्या साडेतेरा-चौदा व्होल्टवर सत्तर अँपिअरच्या वर ओढ बसते. छोट्या गाडीचा अख्खा अल्टरनेटर साधारण तेवढाच. म्हणून रात्री बेसच्या प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मंदावणाऱ्या गाड्या तुम्हाला दिसतात. ज्या उजेडावर रस्ता दिसायचा तोच वूफर ओढून घेतो.

वायरिंगच्या बाबतीत मी कडक आहे. ॲम्पची, म्हणजे ॲम्प्लिफायरची, पॉवर वायर बॅटरीतून निघते. टर्मिनलपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असलाच पाहिजे. तो ॲम्प वाचवण्यासाठी नसतो. वायर कुठे पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर गाडी पेटू नये म्हणून असतो. फायरवॉलमधून वायर नेताना रबराचा ग्रोमेट हवा. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर तांब्याची म्हणून खपवतात. ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. इकोमध्ये सीएनजीची टाकी मागे असते, तिच्या अंगावरून मी पॉवर वायर जाऊ देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, "दुसरीकडे निम्म्या पैशात करून देतात." देतात, हे खरं आहे. तिथून आलेल्या गाड्यांचा जळका वास मी माझ्या शेडमध्ये घेतलेला आहे.

आता बेसचं. एमआयडीसीतला एक तरुण ऑपरेटर आला. बोनस मिळाला होता, सेकंड हँड गाडी घेतली होती. म्हणाला, "भाऊ, बेस असा पाहिजे की आरसा हलला पाहिजे." बारा इंची वूफर, पोर्टेड बॉक्स, ॲम्प, सगळं त्याच्या मनासारखं बसवलं आणि त्याला म्हटलं, चल, एक चक्कर मारू. संध्याकाळ कलून गेली होती. आम्ही बोईसर-चिल्हार रस्त्याला लागलो. हा रस्ता म्हणजे कारखान्यांना महामार्गाशी जोडणारी नाडी. केमिकलचे टँकर, लोखंडाच्या कॉइलचे ट्रेलर, कंपन्यांच्या बस, आणि त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या बाइक. त्याने गाणं लावलं. आतला आरसा खरोखरच हलला. मागच्या टँकरचे दोन दिवे आरशात दोन राहिले नाहीत, त्यांच्या पिवळ्या रेघा झाल्या. टँकर किती जवळ आहे, डावीकडून कोणी घुसतंय का, काही कळेना. थोडं पुढे गेल्यावर त्याने स्वतःच हात पुढे करून बेस खाली आणला. मी त्याला काही बोललो नव्हतो. परत आल्यावर मी त्याला स्टिअरिंगखाली, हाताला सहज लागेल असा बेसचा नॉब बसवून दिला. तेव्हापासून वूफर लावला की हा नॉब मी प्रत्येकाला लावतोच, म्हणजे आवाज उतरवायला स्क्रीनकडे बघावं लागत नाही.

बेस फक्त आरसाच हलवत नाही. खालच्या पट्टीचा मोठा आवाज त्याच्या वरच्या पट्टीतले बारीक आवाज गिळून टाकतो, हा कानाचाच धर्म आहे. हॉर्न, सायरन, ब्रेकची किंकाळी, माणसाची हाक हे सगळे वरच्या पट्टीतले. शिवाय बंद काच आणि पत्रा हे वरचेच आवाज जास्त अडवतात. म्हणून शेजारून गाडी गेली की बाहेरच्याला गाणं कळत नाही, नुसती धडधड ऐकू येते. आणि त्याच कारणाने बाहेरचा सायरन आतल्या माणसापर्यंत पोचता पोचता दुबळा झालेला असतो. तिथे आत वूफर चालू असला तर सायरन संपलाच. बोईसरच्या माणसाला सायरन म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. एखाद्या कंपनीत आग लागली, स्फोट झाला, की अग्निशमन दलाच्या गाड्या आणि १०८ ची रुग्णवाहिका याच अरुंद रस्त्यांवरून निघतात. त्यांच्यापुढे काचा बंद करून, गाणं लावून निवांत चाललेली गाडी मी पाहिली आहे. चालवणारा माणूस वाईट नव्हता, त्याला ऐकूच येत नव्हतं.

पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंड लागते. वळणावर समोरची गाडी दिसायच्या आधी तिचा हॉर्न ऐकू येतो, आणि आपणही हॉर्न देऊनच वळतो. खिंडीतल्या वाघोबा देवाला नमस्कार करायला गाड्या थांबलेल्या असतात, माकडं रस्त्यावर उतरलेली असतात. पुढे मस्तान नाक्याकडे, मनोरकडे उतरताना डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया रस्त्याच्या कडेने चालतात. अशा रस्त्यावर डोळ्यांइतकंच काम कान करतात. महामार्गाची गोष्ट आणखी निराळी. दहिसरच्या पुढे तलासरीच्या दिशेने महामार्गावर काँक्रीटचा थर टाकला, तेव्हापासून टायरची गुरगुर वाढल्याचं माझ्याकडे येणारे ड्रायव्हर सांगतात. छोट्या गाडीत ऐंशीच्या वेगाला आत तशीही सत्तर डेसिबलच्या आसपास आवाज असतो. त्याच्यावर गाणं ऐकायचं म्हणून माणूस व्हॉल्यूम चढवतो, मग मनोरला आत वळल्यावर वेग उतरतो पण व्हॉल्यूम उतरत नाही. गर्दीत, बाजारात, रेल्वे फाटकापाशी तो महामार्गाचाच व्हॉल्यूम घेऊन येतो.

गाडीचे स्वतःचेही आवाज असतात, आणि माझ्या मते त्यांच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. इको चालवणारे एक दादा आहेत, उमरोळी-पालघर फेऱ्या मारतात. गाडी कानाने ओळखतात. पुढच्या चाकाचं बेअरिंग जायला लागलं की वळणावर एक घुमा आवाज बदलतो, ब्रेक पॅड संपत आले की बारीक चरचर येते, बॉल जॉइंट सैल झाला की खड्ड्यात कटकट. त्यांच्या मुलाने हट्टाने गाडीत बेस ट्यूब, म्हणजे नळीच्या आकाराचा वूफर, लावून घेतली होती. काही महिन्यांनी दादा माझ्याकडे आले आणि म्हणाले, "ती नळी काढून टाक. गाडी माझ्याशी बोलायची बंद झालीय." मी ती काढली, मागच्या प्रवाशांसाठी दोन साधे स्पीकर ठेवले. पुढच्याच आठवड्यात त्यांनी बेअरिंग बदलून घेतलं. ते कधीपासून घुमत होतं कोण जाणे.

रात्रपाळीचे ड्रायव्हर दुसरं कारण सांगतात. "झोप येऊ नये म्हणून लावतो." कंपनीच्या माणसांना आणायला-सोडायला जाणारे, पहाटे वसई-मुंबईकडे मासळी नेणारे. त्यांची अडचण खरी आहे, मी ती हसण्यावारी नेत नाही. पण इंग्लंडमध्ये रेनर आणि हॉर्न या संशोधकांनी १९९८ साली झोपाळलेल्या चालकांवर नेमकी हीच गोष्ट तपासली होती. गार वारा आणि रेडिओ यांचा उपयोग झाला तर थोडाच वेळ होतो, असं त्यांना आढळलं. पंधरा मिनिटांची डुलकी आणि कॉफी जास्त कामाची. मी पिकअपवाल्यांना सांगतो, चारोटी नाक्याला, मनोरला, जिथे उजेड आणि चहा असेल तिथे गाडी बाजूला घ्या, पंधरा मिनिटं डोळे मिटा. कर्कश गाण्याने डोळे उघडे राहतात, पण झोप डोक्यात तशीच असते.

गाण्याच्या लयीचंही असंच आहे. इस्राएलच्या बेन-गुरियन विद्यापीठातले वॉरन ब्रॉडस्की यांनी सिम्युलेटरवर लोकांना गाडी चालवायला लावून संगीताची लय बदलून पाहिली; त्यांचा लेख २००१ साली आला. लय वाढली तसा वेग वाढला आणि लेन सोडणं, लाल दिवा तोडणं असल्या चुका वाढल्या. मला हे वाचून नवल वाटलं नाही. हळदीच्या गाण्यांची पेन ड्राइव्ह लावून निघालेल्या गाड्या आमच्या शेडपुढून कशा जातात ते मी बघतो. आणि ही चिंता आजचीही नाही. अमेरिकेत १९३० साली गॅल्विन बंधूंनी मोटारीत बसवायचा मोटोरोला रेडिओ बाजारात आणला, त्या काळातच चालकाचं लक्ष उडेल म्हणून गाडीतल्या रेडिओवर बंदी घाला अशी मागणी तिथे झाली होती. बंदी आली नाही, ते बरंच झालं. लांबच्या एकट्या प्रवासात मंद आवाजातलं गाणं किंवा रेडिओवरची बातमी माणसाला सोबत करते, कंटाळा येऊ देत नाही. माझा विरोध गाण्याला मुळीच नाही. तसं असतं तर हे दुकानच उघडलं नसतं.

आणखी एक काम मी ठामपणे नाकारतो. हल्ली अँड्रॉइडचे मोठ्या स्क्रीनचे डेक येतात. त्यांच्या वायरिंगमध्ये एक वायर हँडब्रेकच्या स्विचला जोडायची असते, म्हणजे गाडी उभी असेल तेव्हाच पुढच्या स्क्रीनवर व्हिडिओ चालेल. गिऱ्हाईक म्हणतं, ती नुसती अर्थला लावून टाक, काम झालं. काम दोन मिनिटांचं आहे आणि बाजारात ते सर्रास होतं. मी करत नाही. काही गिऱ्हाइकं उठून गेली आहेत. तसंच सीट बेल्टच्या बीपचं. ४ सप्टेंबर २०२२ ला चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांच्यासोबतचे जहांगीर पंडोल यांचा अपघाती मृत्यू झाला. दोघेही मागच्या सीटवर होते आणि दोघांनीही बेल्ट लावलेला नव्हता. त्यानंतर काही दिवस शेडमध्ये मागचा बेल्ट लावायचा की नाही यावर रोज बोलणं व्हायचं. पुढे तेच लोक बीप बंद करायची क्लिप मागायला आले. ती मी ठेवत नाही. काही गाड्यांत बेल्टचा आणि रिव्हर्सचा इशारा मूळ स्टिरिओतूनच येतो; डेक बदलला की तो गायब होतो. डेक बदलण्याआधी हे तपासून घ्या, आणि इशारा जाणार असेल तर त्याला जुळणारा अडॅप्टर मागा, नाहीतर मूळ डेकच ठेवून नुसते स्पीकर बदला.

कानाबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे, कारण माझी बरीच गिऱ्हाइकं कारखान्यातली आहेत. लूमच्या खात्यात, रोलिंग मिलमध्ये, बॉयलरपाशी आठ तास काढून ती गाडीत बसतात. तिथे कानात प्लग घालायला सांगतात. पुष्कळजण घालत नाहीत. गोंगाटाने थकलेला कान काही तास मंद ऐकतो. म्हणून पाळीवरून सुटल्यावर जो व्हॉल्यूम ठीक वाटतो, तोच दुसऱ्या दिवशी सकाळी किल्ली फिरवल्यावर अंगावर येतो. हा अनुभव तुम्ही घेतला असेल. तो कानाने दिलेला इशारा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने आठवड्याला ८० डेसिबल चाळीस तास चालतं, ९० डेसिबल फक्त चार तास. वूफर लावलेल्या गाडीत नव्वद ओलांडणं अगदी सोपं आहे, आणि मागच्या सीटवर, बॉक्सच्या सगळ्यात जवळ, बहुधा लहान मूल बसलेलं असतं.

शेजाऱ्यापाजाऱ्यांचाही विचार करावा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री दहा ते सकाळी सहा. आमच्या भागात याला आणखी एक पदर आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीत भूकंपाचे धक्के सुरू झाले. धुंदलवाडीकडच्या लोकांनी थंडीत घराबाहेर रात्री काढल्या, आणि मोठा धक्का इथपर्यंत जाणवायचा. त्या दिवसांत रात्री खिडकीची काच थरथरली की घरातली म्हातारी माणसं उठून बसायची. बऱ्याचदा ती खालून गेलेली गाडी असायची.

तुमच्या गाडीत सिस्टिम असेल, माझ्याकडची असो वा दुसरीकडची, तर एक करून पाहा. मोकळ्या जागेत गाडी उभी करा, इंजिन चालू ठेवा, काचा बंद करा, नेहमीचं गाणं नेहमीच्या आवाजात लावा. पन्नास पावलं मागे मित्राला बाइक घेऊन उभं करा आणि तुम्हाला न सांगता त्याला साधा हॉर्न वाजवू द्या. ऐकू आला नाही तर आवाज एकेक पायरी खाली आणा, येईपर्यंत. गाडी उभी असताना टायरचा आवाज नसतो, म्हणून त्याच्याही दोन पायऱ्या खाली या. डेकवर जो आकडा दिसेल तो लक्षात ठेवा आणि गाडी चालत असेपर्यंत त्याच्या वर जाऊ नका. त्या आकड्यावर गाणं नीट ऐकू येत नसेल तर माझ्याकडे या; आधी तुमच्या दरवाजाचा पत्रा वाजवून बघू.